कैरी, द्राक्षं आणि फाटलेला चहा

परवा नाशिक रोडच्या भाजीबाजारात एका हातगाडीवर सुट्या मण्यांचा ढीग दिसला आणि माझे पाय आपोआप थांबले. घडावरून गळलेली ही द्राक्षं. हंगाम सरत आला की अशीच येतात, काळी-हिरवी एकत्र, काही सुरकुतलेली, काही चिरलेली, पण गोड इतकी की खाल्ल्यावर बोटं एकमेकांना चिकटावीत. बाजूच्याच टोपलीत पहिल्या कैऱ्या होत्या, देठाशी अजून चीक असलेल्या. द्राक्षं निघालेली आणि कैरी नुकती आलेली, असे वर्षातून जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. ते चुकले की चुकले. मी ऑफिसची पर्स, डब्याची पिशवी, छत्री सगळं एका खांद्यावर ढकललं आणि दोन्ही हातांनी मणी निवडायला लागले.

"ताई, मनुके करणार का?" गाडीवाल्याने विचारलं.

"चहा करणार."

त्याने एकदा द्राक्षांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग वरून आणखी एक मूठ टाकली. बहुधा दया आली असावी.

तिथूनच मनमाडला आईला फोन लावला. मणी आल्याची बातमी पहिली तिला द्यायची, असा आता आमच्यात रिवाज पडला आहे. तीनदा लावला, तीनदा वाजून वाजून बंद झाला. भर दुपारी आई फोन उचलत नाही म्हणजे एकतर ती झोपली आहे किंवा नळाला पाणी आलं आहे. मनमाडला पाणी आलं की माणूस बाकी सगळं विसरतो. म्हटलं, करेल संध्याकाळी.

घरी येऊन मी साडीसुद्धा न बदलता मणी ओट्यावरच्या पातेल्यात ओतले. तो टपटप आवाज ऐकला की मला अजूनही शाळा सुटल्यासारखं वाटतं. पन्नाशीला आलेल्या बाईने एवढं हरखून जावं का, असं नवरा दरवर्षी विचारतो आणि दरवर्षी मी त्याला कैरी सोलायला बसवते. मणी तीन पाण्यांनी धुवायचे आणि हातानेच कुस्करायचे. मिक्सर नको, त्याने सालं भरडली जातात आणि रस तुरट होतो. मग मंद आचेवर थोडं गरम करायचं, की सालींचा रंग सुटतो आणि पातेल्यात जांभळं झकास पाणी जमतं. कैरी कुकरमध्ये उकडून तिचा गर. गूळ, वेलची, चिमूटभर मीठ. चहा वेगळा करायचा, गार करायचा आणि मग या सगळ्याची गाठ घालून द्यायची. शेवटची एक पायरी आहे, ती ऐकली की लोक तोंड वाकडं करतात. तिच्याकडे येतेच.

हे वेड मला लागलं त्याला आता काही वर्षं झाली. त्या उन्हाळ्यात माझ्या मुलीची, सईची, दहावीची परीक्षा संपली होती. आणि त्याच्या आधीच्या दिवाळीनंतर माझे बाबा गेले होते.

बाबा मनमाडला रेल्वेत होते. ते गेले तेव्हा दहा दिवस शेजारच्या बायका किटलीतून कोरा चहा आणत. आमच्याकडे ज्या घरात माणूस गेलं, त्या घरात दुधाचा चहा होत नाही. आई भिंतीला टेकून बसायची, तिच्या हातात कप दिला की प्यायची, परत टेकून बसायची. कपात काय आहे हे तिने एकदाही पाहिलं नाही. मग मी तिला थोडे दिवस इकडे आणलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या इमारतीत पाळीने होतं आणि त्या वर्षी पाळी माझी होती. मी नको म्हणत होते. आईच म्हणाली, "पाळी चुकवू नको. सवाष्णींचं काम हाय." तिळाचे लाडू तिनेच वळले, वाणाच्या वाट्या तिनेच पुसून ठेवल्या, आणि बायकांच्या चपला जिन्यात वाजल्या तशी ती उठून आतल्या खोलीत गेली. दार ओढून घेतलं. तासाभराने सगळ्या गेल्यावर मी दार ढकललं तर आत काळोख. आई पलंगाच्या कडेवर बसलेली, हात मांडीवर.

"अगं, दिवा तरी लावायचास."

"दाराखालून उजेड दिसतो बाहेर," ती म्हणाली. "उगा कुणी विचारायचं, आत कोण हाय म्हणून."

माझ्याच घरात माझी आई आहे हे कुणाला कळू नये म्हणून ती अंधारात बसून राहिली होती. मला इतका राग आला, की वाणाच्या उरलेल्या वाट्या मी आदळतच डब्यात भरल्या. राग तिचा नव्हता. ज्या बायका आल्या होत्या त्यांचाही नव्हता, सगळ्या चांगल्या, बाबा गेल्यावर मनमाडपर्यंत येऊन गेलेल्या. मग कुणाचा, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. एवढंच ठरवलं, की पुढच्या वेळी बायका येतील तेव्हा आई बाहेरच्या खोलीत बसलेली असेल.

पुढची वेळ म्हणजे चैत्र. आणि चैत्र हा तर आईचाच महिना. दरवर्षी ती पॅसेंजरने कैरीच्या गराचा डबा मांडीवर घेऊन यायची आणि माझ्याकडच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हं नि आंब्याची डाळ करायची. इमारतीतल्या बायका तारीख ठरवतानाच विचारायच्या, "मनमाडच्या ताई येणार आहेत ना?" त्या वर्षी मी पन्हं केलं असतं तर हळदीकुंकू आलंच, आणि हळदीकुंकू आलं की आतली खोली. हळदीकुंकू नाही, म्हणून बायकांना नुसत्या चहाला बोलवावं, तर चैत्रातल्या दुपारी चार वाजता उकळता चहा प्यायला कोण येईल?

"मग आईस-टी कर," सई मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली. "फळांचा. गार. सगळे येतील."

मी तिला मिठीच मारली. ती म्हणाली, "ई, घाम!"

पुढचे पंधरा दिवस आमच्या स्वयंपाकघरात नुसता धुमाकूळ होता. पहिल्या दिवशी मी सवयीने चहा टाकला तो टाकलाच, आलं किसून, साखर घालून, दहा मिनिटं खळखळ. आपल्या हाताला दुसरं काही ठाऊकच नसतं. त्यात द्राक्षाचा रस ओतला आणि गरम पातेलं तसंच फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी बघते तर गढूळ पाणी. नवऱ्याने एक घोट घेतला आणि काळजीने विचारलं, "कुणाला बरं नाहीये?" मग पेरू झाला, कलिंगड झालं, डाळिंब झालं. सईने गणिताच्या वहीची उरलेली पानं काढली आणि प्रत्येक चहाला गुण द्यायला लागली. गुण देण्याचा अधिकार जन्मात पहिल्यांदा हाती आला होता, तिने तो सोडला नाही. पेरू नापास. कलिंगड, शेरा: "साबणाचा फेस." डाळिंब काठावर पास, पण रंगासाठी. ऑफिसात मी फाइल पुढ्यात ठेवून कागदाच्या कोपऱ्यावर लिहायचे, कैरी अधिक पुदिना? संध्याकाळी बस स्टॉपपासून घरापर्यंत अक्षरशः पळत यायचे. बाबा गेल्यापासून मी कुठल्याच गोष्टीसाठी पळाले नव्हते.

आई तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून गहू निवडायची. आमचा पसारा बघायची, बोलायची नाही. फक्त आम्ही द्राक्षं धुतलेलं पाणी मोरीत ओतायला निघालो की हात पुढे करायची आणि ते पाणी तुळशीला घालून यायची. जन्म मनमाडमध्ये गेलेल्या बाईच्या देखत पाण्याचा थेंब फुकट जात नाही. दहा-बारा दिवसांनी मी पुन्हा चहाला उकळी आणत होते तेव्हा मात्र तिला राहवलं नाही.

"किती रटरटवशील त्याला? चहा हाय तो, डाळ नाय."

"मग काय करू?"

"सरक बाजूला." तिने पाणी उकळवलं, गॅस बंद केला, मग पत्ती टाकली आणि वर झाकण ठेवलं. "भात वाफेवर मुरू देतो का नाय? तसं मुरू दे त्याला. हात लावू नको." चार मिनिटांनी झाकण काढलं तर काय वास! गाळलेला चहा काचेच्या भांड्यात आरपार दिसत होता. आईने तो आधी पूर्ण गार होऊ दिला, मग त्यात द्राक्षाचा रस घातला, मग कैरीचा गर. वेलची तिने मोजून घातली नाही, वास घेऊन घातली. सईने एक घोट घेतला, वही उघडली आणि लिहिलं, "दहापैकी साडेआठ. शेवटी कडू लागतो." आई म्हणाली, "दीड गुण कुठं कापते ग, भवाने!" आणि पदराने कपाळ पुसलं. त्या संध्याकाळी तिने दोनदा पोळी मागून घेतली.

मला वाटलं, जमलं. मी इमारतीत आठ घरी सांगून आले, सोमवारी चार वाजता या, गार चहा प्यायला, बाकी काही नाही. परत आल्यावर आईला म्हटलं, "नुसता चहा आहे हं. हळद नाही, कुंकू नाही, ओटी नाही. तू बाहेर बसायचंस."

"चैत्रात बाया कशाला येतात, मला म्हायती हाय," ती म्हणाली. "मी पातेलं भरून देते. बसायचं नको सांगू."

"पण आई..."

"नको ना सुरेखा."

ती 'ना' म्हणाली तेव्हा तिचा आवाज इतका खाली गेला की मी उठून ग्लास पुसायला घेतले.

सोमवारी मी रजा घेतली. आईने सकाळपासून खपून मोठं स्टीलचं पातेलं भरलं, त्यात बर्फ सोडला, पुदिन्याची पानं टाकली, मला म्हणाली, "ढवळून वाढ, गर खाली बसतो," आणि पहिली चप्पल वाजायच्या आत आतल्या खोलीत गेली. दार ओढलं गेलं. थोड्या वेळाने पंख्याचा आवाजही थांबला. बाहेर झळा लागत होत्या आणि आत तिने पंखा बंद केला होता. मी हातात ग्लासांचा ट्रे घेऊन त्या दाराकडे बघत उभी राहिले. सई माझ्या कानात म्हणाली, "मम्मी, चल. आल्या सगळ्या."

आठही जणी आल्या. कौतुकाने सोफ्यावर, सतरंजीवर बसल्या. मी ग्लास भरले. पण एकीनेही लगेच उचलला नाही. ग्लासात गडद तांबूस पाणी, दुधाचा टिपूस नाही. समोरच्या घरातल्या निकम काकूंनी ग्लास उजेडात धरला. काकू नामपूरच्या. इतकी वर्षं शहरात राहून चार लोकांत छान बोलतात, पण दचकल्या की माहेरची बोली येते.

"हाऊ कोरा चहा शे का?"

त्या हळूच बोलल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं. पंधरा दिवस मी रंग बघितला, वास बघितला, गुण मोजले, आणि ही एवढी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. चैत्रात, सवाष्णींना घरी बोलावून मी त्यांच्यापुढे मयताच्या घरचा चहा ठेवला होता. आणि दाराआड ती बाई बसली होती, जिने तो दहा दिवस प्यायला होता.

"काकू, त्यात फळं आहेत..." मी सुरुवात केली. पण काकूंच्या मनात माझी अब्रू वाचवायचं आलं होतं. "असू दे ग, विसरली असशील, होतं असं," असं म्हणत त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या, फ्रिजमधून दुधाची पिशवी काढली, दाताने कोपरा तोडला, आणि मी "काकू, नको" म्हणेपर्यंत अर्धी पिशवी पातेल्यात रिकामी.

कैरीत दूध! डोळ्यांदेखत चहा फाटला. ढगासारखे गोळे वर यायला लागले. काकूंनी पिशवी छातीशी धरली आणि ओरडल्या, "अरे देवा, दूध फाटलं!" बायका उठून ओट्याशी गोळा झाल्या. मला रडू येणार होतं. खरंच येणार होतं.

तेवढ्यात आतलं दार धाडकन उघडलं.

"दूध घातलं? कैरीत दूध घातलं कोणी?"

आई घामाने निथळत होती. पदर कमरेला खोचत ती बायकांमधून वाट काढत आली, पातेल्यात डोकावली, निकम काकूंच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, पुन्हा पातेल्यात पाहिलं. आणि हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत, ओट्याला धरून. बाबा गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "ताई, चुकलं माझं. मला वाटलं कोरा..."

"कोरा मी दहा दिवस प्यायलीय," आई डोळे पुसत म्हणाली. "त्याला वास नसतो ओ. त्याला कसलीच चव नसते. हा तसा नाय." मग एकदम आवाज बदलला. "आता बघत काय बसलात? टाकणार हाय का एवढं? सई, माझं जुनं पातळ आण, मऊ झालेलं. त्यातला फाडलेला तुकडा हाय ना, तो. चक्का बांधतो तसं गाळायचं."

ओट्यावर जागा नव्हती म्हणून पातेलं बाहेरच्या खोलीत नेलं. खाली दुसरं पातेलं, वर ते पातळाचं फडकं, चार कोपरे चौघींनी धरलेले. एक मी, एक सई, एक निकम काकू आणि एक आई. सतरंजीच्या मधोमध, सगळ्या बायकांच्या घोळक्यात आई उभी होती, आणि हुकूम सोडत होती. "वर धरा. पिळू नका. गळू दे त्याला त्याच्या मनानं." थेंब थेंब पडायला लागले. अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात हात भरून आले म्हणून कोपरे बदलले गेले, कुणी आईच्या कपाळावरचा घाम पुसला, कुणी पंखा वाढवला, कुणी विचारलं, आंब्याची डाळ कशी करता हो तुम्ही, आणि आईने सांगितलं. आपण कुठे उभ्या आहोत हे तिच्या लक्षातच आलं नाही. मी श्वाससुद्धा जपून घेत होते, उगाच तिला आठवण व्हायची.

आणि खाली जमलेला तो चहा! आतलं सगळं गढूळ फडक्यात राहिलं होतं. पातेल्यात फक्त स्वच्छ, सोनेरी झाक असलेलं, तळ दिसेल असं पाणी. निकम काकूंनी पहिला ग्लास भरला, स्वतः प्यायल्या नाहीत, आईच्या हातात दिला. "पहिला तुमचा, ताई."

आईने ग्लास बघितला. यावेळी तिने नीट बघितला, उजेडात धरून. मग एक घोट घेतला.

"कडू गेलं," ती म्हणाली. "पोरी, ते कडू गेलं!"

खरंच गेलं होतं. कडवटपणा सगळा त्या फाटलेल्या दुधाने ओढून घेतला होता. सईने तिथेच वही आणून दहापैकी दहा लिहिलं आणि खाली निकम काकूंची सही घेतली. फडक्यातला चोथा आईने टाकला नाही, दुसऱ्या दिवशी थालीपिठाच्या पिठात मळला.

तर शेवटची पायरी ही. सगळं तयार झालं की त्यात मुद्दाम दूध ओतायचं, फाटू द्यायचं आणि गाळायचं. लोक म्हणतात, असं कुणी करतं का? मी म्हणते, आम्ही करतो. मी पंधरा दिवस आखलेला बेत सपशेल फसला होता आणि निकम काकूंनी घाईत केलेल्या चुकीने तो पार पडला. मला याचा थोडा मत्सर वाटतो, कबूल करते. पण काकू दर चैत्रात दुधाची पिशवी घेऊन स्वतः येतात, तो मान त्यांचाच आहे.

आई पुढच्या महिन्यात मनमाडला परत गेली. तिथे तिने हे सुरू केलं, आधी दोन शेजारणींना बोलावून, मग पाच. आता सई पुण्याला कॉलेजात असते, पण चैत्रात आजीकडे जाऊन कोपरा धरायला सुट्टी काढते. मीही जाते.

परवा संध्याकाळी माझा चहा फडक्यातून गळत होता तेव्हा आईचा फोन आला.

"अगं, कुठे होतीस? तीनदा लावला. मणी आले इकडे," मी म्हटलं.

"इकडं पण आले. बाया बोलवत हिंडत होते, फोन घरीच राह्यला. आवतन द्यायला स्वतः जावं लागतं काहींकडं. त्या तिघी-चौघी हायेत बघ, कुठंच जात नायत, दार लावून बसतात. त्यांना म्हटलं, तुम्ही आल्याबिगर मी दूध ओतणार नाय."

"येतील?"

"येतील. न येऊन कुठं जातील?" फोनवर भांड्यांचा आवाज येत होता. "पण या वर्षी बाहेरच्या खोलीत मावत नायत सगळ्या. आतली खोली पण मोकळी केली, सतरंजी टाकली. तिथला बल्ब गेलाय. येताना एक घेऊन ये."

"आणते."

"मोठा आण," आई म्हणाली. "चांगला उजेड पडला पाहिजे."